औषध मिळाले, पथ्य हरवले

यंदा फेब्रुवारीच्या एकाच आठवड्यात तीन धर्मांचे उपवास आले. रविवारी 15 तारखेला महाशिवरात्र झाली. बुधवारी 18 तारखेला ख्रिस्ती बांधवांचा राखेचा बुधवार आला आणि त्यांचा उपवासकाळ सुरू झाला. त्याच आठवड्यात रमजानचा चंद्र दिसला आणि पहिला रोजा झाला. अशा दिवसांत डहाणू-तलासरीच्या किराणा दुकानात साबुदाणा, राजगिरा आणि खजूर शेजारी शेजारी मांडलेले असतात. गिऱ्हाईक वेगळे, देव आठवण्याची रीत वेगळी. पण भूक ही काही वेळ मुद्दाम सोसून बघण्याची गोष्ट आहे, यावर तिघांचेही एकमत.

याच सुमारास औषधांच्या बाजारात वेगळीच हालचाल आहे. सेमाग्लुटाइड या औषधाचे भारतातले पेटंट मार्च 2026 मध्ये संपते. डेन्मार्कची नोव्हो नॉर्डिस्क कंपनी हे औषध मधुमेहासाठी ओझेम्पिक आणि वजनासाठी वेगोव्ही या नावाने विकते. पेटंट संपले की देशी कंपन्यांना तेच औषध स्वस्तात विकता येते, आणि अनेकींनी त्याची तयारी केली आहे. त्याआधीच अमेरिकेच्या एली लिली कंपनीचे मौंजारो मार्च 2025 मध्ये आणि वेगोव्ही जून 2025 मध्ये भारतात आले. दोन्ही सुया आठवड्यातून एकदा कातडीखाली टोचायच्या. काम एकच, भूक शांत करणे. आजवर मोठ्या शहरांतल्या पैसेवाल्यांची म्हणून ओळखली गेलेली ही सुई किंमत उतरताच वापी, बोईसर, डहाणूच्या औषध दुकानांत दिसू लागेल, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून ती येण्याआधीच तिचा हिशेब मांडलेला बरा.

हिशेब मांडताना आधी जमेची बाजू लिहावी. हे औषध म्हणजे भोंदूगिरी नव्हे. जेवण पोटात गेले की आतड्यातून एक संप्रेरक स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि मेंदूला ‘पुरे’ असा निरोप देते. शरीरातले हे संप्रेरक काही मिनिटांतच विरून जाते. सेमाग्लुटाइड त्याची नक्कल करते, पण आठवडाभर टिकते. मधुमेह, अतिस्थूलता आणि हृदयविकार एकत्र असलेल्या माणसाला त्याचा खरा उपयोग आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मधुमेह नसलेल्या, पण हृदयरोग आणि जादा वजन असलेल्या 17,604 जणांचा अभ्यास झाला. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण या औषधाने 20 टक्क्यांनी घटले. ज्याला त्याची गरज आहे त्याने ते घेताना लाजण्याचे कारण नाही. जाडी ही आळसाची शिक्षा नसते. त्यात आनुवंशिकता, औषधे, झोप, ताण आणि गरिबी या सगळ्यांचा वाटा असतो.

प्रश्न आहे तो औषधासोबत जे विकले जात नाही त्याचा. मराठीत त्याला पथ्य म्हणतात, उर्दूत परहेज. जुना वैद्य असो की हकीम, पुडी हातात देतानाच काय खायचे, काय टाळायचे आणि किती दिवस, हे बजावून सांगत असे. उर्दूत एक म्हणच आहे की परहेज इलाजापेक्षा बरा. रोजांचा हेतू कुरआनने ‘तकवा’ असा सांगितला आहे आणि उर्दू भाषांतरकार त्या शब्दाला बहुधा ‘परहेजगारी’ हा प्रतिशब्द देतात. म्हणजे दवाखान्यातला शब्द आणि इबादतीतला शब्द एकाच घरचे आहेत. झटपट उपाय या जोडीतला पहिलाच अर्धा भाग विकतो. औषध मिळते, पथ्य हरवते. छुपी किंमत सुरू होते ती इथून.

खुद्द औषधाच्या चाचण्याच हे सांगतात. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या गाजलेल्या चाचणीत 1,961 जण होते. 68 आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास घटले, नुसती खोटी सुई घेणाऱ्यांचे सुमारे अडीच टक्के. जाहिरातबाज चर्चा इथे थांबते. पण त्या चाचणीत दोन्ही गटांना रोजचे खाणे 500 कॅलरींनी कमी करायला, आठवड्याला 150 मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करायला सांगितले होते आणि दर चार आठवड्यांनी समुपदेशन होत होते. म्हणजे जो गुण आला तो पथ्यासकट आला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2025 मध्ये स्थूलतेसाठी या औषधांची मार्गदर्शक तत्त्वे दिली, तीही सशर्त, आणि आहार-व्यायामाचा नेटाने आधार द्या असे सांगूनच. दुकानातून नुसती सुई आणणारा माणूस चाचणीतले अर्धेच औषध घेत असतो.

आता खर्चाची पाने. पहिले पान पैशांचे. वेगोव्ही भारतात आले तेव्हा सुरुवातीच्या मात्रेची महिन्याची किंमत 17,345 रुपये होती आणि सर्वात मोठ्या मात्रेची 26 हजारांवर. नोव्हेंबर 2025 मध्ये कंपनीने किमती 37 टक्क्यांपर्यंत उतरवल्या. देशी औषधे आल्यावर त्या आणखी उतरतील. तरी मूळ आकडा एकदा आपल्या तालुक्याच्या मापाने मोजून पाहावा. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये होती. त्या दराने एका महिन्याची सुई म्हणजे 55 दिवसांची मजुरी. किंमत पाचव्या हिश्श्यावर आली तरी अकरा दिवस उरतातच, आणि ते दर महिन्याला. तालुक्यात नोकरदार, दुकानदार, बागायतदारही आहेत. त्यांना ते परवडेल. पण घरातल्या एकाच्या सुईसाठी दुसऱ्याचे दूध, मुलाची फी किंवा आईची रक्तदाबाची गोळी मागे पडते का, हे त्या घरानेच पाहायचे आहे.

दुसरे पान वेळेचे. ‘तीन महिने घेऊ, लग्नाआधी दहा किलो उतरवू आणि सोडून देऊ’ असा हिशेब अनेक जण करतात. त्याच चाचणीतल्या काही जणांवर औषध बंद केल्यानंतरही वर्षभर लक्ष ठेवले गेले. घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. औषध नापास झाले असा याचा अर्थ नाही. रक्तदाबाची गोळी बंद केली की रक्तदाब वाढतो, तसेच हे. स्थूलता हा दीर्घकाळचा आजार आहे आणि औषधही दीर्घकाळचे आहे. झटपट म्हणून विकत घेतलेली वस्तू प्रत्यक्षात वर्षानुवर्षांचा हप्ता ठरते. हप्ता मध्येच तुटला की शरीर जुने येणे वसूल करते.

तिसरे पान स्नायूंचे, आणि ते सगळ्यांत कमी वाचले जाते. वजनकाटा फक्त किलो सांगतो. चरबी किती गेली आणि मांस किती गेले ते सांगत नाही. त्या चाचणीतल्या एका छोट्या गटाची तपासणी झाली तेव्हा घटलेल्या वजनातला जवळजवळ 40 टक्के भाग चरबीचा नव्हता. स्नायू आणि शरीरातला इतर चरबीविरहित ऐवज होता. वजन कुठल्याही मार्गाने भराभर उतरवले की थोडेफार असे होतेच. पण औषध सोडल्यावर परत येताना बहुतेक चरबीच येते. म्हणून प्रथिने आणि कष्टाचा व्यायाम नसेल तर माणूस बारीक दिसतो आणि आतून दुबळा होतो. म्हाताऱ्या माणसाला जिना चढताना, ओटीवरून उठताना हे कळते.

इथे पुण्याच्या संशोधनाची आठवण व्हायला हवी. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची सुमारे 3.5 किलोची. पण बारीक दिसणाऱ्या या मराठी बाळांत कमतरता होती ती मुख्यतः स्नायूंची. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एकच, 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के, याज्ञिकांत 21.2 टक्के. एका चित्रात सगळे आले: आपला माणूस बारीक असूनही चरबीवाला असू शकतो, आणि मधुमेह त्याला लवकर गाठतो. ज्याच्या गाठीला स्नायू मुळातच कमी, त्याने स्नायू गमावून वजन उतरवणे म्हणजे घराचे वासे काढून चूल पेटवणे.

हा अभ्यास पुण्याचा असला तरी त्याचा अर्थ तलासरीत अधिक खोल जातो. 1945 साली याच तालुक्यातल्या झरी गावातून वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. त्या काळी सावकाराकडून खावटीचे धान्य घेऊन पावसाळा काढायचा आणि सुगीला ते वाढीव फेडायचे, असा रिवाज होता. पोटात पुरेसे नसलेल्या आईची बाळे कमी वजनाची जन्मतात. पुढे त्याच बाळांच्या ताटात साखर, मैदा आणि तेल आले तर मधुमेहाचा धोका त्यांना इतरांहून अधिक असतो. आजीची भूक नातवाच्या साखरेत उतरते ती अशी. देशातल्या 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 24 टक्के स्त्रिया जादा वजनाच्या आणि 18.7 टक्के स्त्रिया कमी वजनाच्या आढळल्या. दोन्ही एकाच देशात, कधी एकाच गावात, कधी तर एकाच घरात. सून अशक्त, सासूला मधुमेह आणि शाळकरी मुलाच्या हातात पाच रुपयांचे चिप्सचे पाकीट: हे चित्र पाड्यांनाही आता नवखे नाही.

म्हणून इथे वजनाचा प्रश्न नुसता वजनाचा नाही, ताटाचा आहे. नागली, वरई, उडीद, तूर, चवळी, पावसाळ्यातल्या रानभाज्या, किनाऱ्यावरचे सुके बोंबील आणि सुकट: या पट्ट्यातले जुने जेवण थोडे होते, पण त्याला कस होता. ते मागे पडले, कारण कष्ट जास्त आणि बाजारात मान कमी. महामार्गावरच्या धाब्यांचा आणि पाकिटांचा मान वाढला. अंगणवाडीतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे गरम जेवण देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आदिवासी भागात 2015 पासून आहे. ती नीट चालली, त्यातली अंडी-केळी वेळेवर पोचली, तर पुढच्या पिढीतले किती मधुमेह टळतील! पण अशा उपायाची जाहिरात होत नाही. तो सावकाश काम करतो आणि त्यात कोणाचा नफा नाही.

चौथे पान दुष्परिणामांचे. मळमळ, उलट्या, जुलाब, बद्धकोष्ठता हे नेहमीचे. मात्रा हळूहळू वाढवली तर बहुतेकांचे सहन होण्यासारखे. पित्ताशयाचे खडे आणि स्वादुपिंडाचा दाह हे कमी, पण गंभीर. डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटून अचानक दृष्टी जाण्याचा अत्यंत दुर्मीळ धोका युरोपच्या औषध नियंत्रकांनी जून 2025 मध्ये नोंदवला. गरोदरपणात ही सुई घ्यायची नाही. सेमाग्लुटाइड तर मूल हवे असेल तेव्हा किमान दोन महिने आधी थांबवायचे. मोठ्या शहरात पोटात असह्य कळ आली तर रुग्णालय चार चौकांवर असते. तलासरीच्या माणसाला गंभीर दुखण्यात वापी, सिल्वासा किंवा वलसाड गाठावे लागते, म्हणजे राज्याची हद्द ओलांडावी लागते. औषधाचा धोका सगळीकडे सारखा छापलेला असतो. तो निभावण्याची सोय सारखी नसते.

आणि पाचवे पान फसवणुकीचे. जिथे मागणी तिथे नकली माल. जागतिक आरोग्य संघटनेने जून 2024 मध्ये बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जगाला सावध केले होते. ज्याला सुई परवडत नाही त्याच्यासाठी पावडरी, चहा, ‘आयुर्वेदिक’ आणि ‘युनानी’ म्हणवणाऱ्या डब्या आहेतच. अशा डब्यांत सिब्युट्रामिन हे औषध लपवलेले जगभर वारंवार सापडले आहे. तेही एकेकाळी वजनाचे अधिकृत औषधच होते. हृदयाला धोका दिसल्यावर 2010 मध्ये अमेरिका-युरोपच्या बाजारातून बाहेर काढले गेले. त्याआधी 1997 मध्ये फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपा बिघडवते म्हणून गेले. वजनाच्या औषधांचा इतिहास असा उत्साहाने सुरू होऊन पस्ताव्याने संपलेला आहे. आजची औषधे त्यांच्याहून कितीतरी अधिक तपासलेली आहेत, हे खरे. पण इतिहास विसरून चालत नाही. आपल्याकडे 1954 चा औषधे व जादूई उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. त्याच्या यादीत मधुमेह आणि स्थूलता दोन्ही आहेत. ‘एका महिन्यात दहा किलो’ असा फलक महामार्गावर दिसला तर तो केवळ अतिशयोक्ती नसतो, कायद्याचा भंगही असू शकतो.

झटपटीची ओढ फक्त सुईपुरती नाही. काही वर्षांपूर्वी ‘दीक्षित की दिवेकर’ हा मराठी घरांतला आवडीचा वाद होता. दिवसातून दोनदाच जेवा, असे डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत. ती कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची, हेही ते आवर्जून सांगत. थोड्या थोड्या वेळाने, आपल्या आजीच्या हातचे खा, असे ऋजुता दिवेकर यांचे म्हणणे. दोघांच्या मतांत अंतर होते, पण दोघेही पथ्यच सांगत होते. लोकांनी मात्र त्यातून ‘किती दिवसांत किती किलो’ एवढेच उचलले. पथ्याचीही गोळी करायची आपली सवय जुनी आहे.

धर्माचे उपवासही या सवयीतून सुटलेले नाहीत. मराठीतली ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण कोणा एका धर्माची मक्तेदारी नाही. दिवसभर रोजा आणि मगरिबच्या अजानीनंतर भजी, समोसे, कबाब, लाल सरबताचे पेले. सहरीला पोट फुटेस्तोवर पराठे. मग महिनाअखेर वजन दोन किलोने वाढलेले आणि वर ‘रमजानमध्येही कमी झाले नाही’ ही तक्रार. पैगंबर मुहम्मद (स.) यांची प्रसिद्ध शिकवण पोटाचे तीन भाग करते: एक अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला. तिच्यात किलोचा उल्लेख नाही. थांबायचे कुठे, एवढेच तिच्यात आहे.

इथेच रोजा आणि सुई यांच्यातला फरक कळतो. सुई भुकेचा आवाज बंद करते. रोजा तो आवाज चालू ठेवतो आणि माणसाला त्याच्याशेजारी बसवतो. दुपारी चार वाजता पोट ओरडते, पाणी समोर असते, कोणी पाहत नसते, तरी हात थांबतो. त्या थांबण्याला सब्र म्हणतात. ती सवय स्नायूसारखी आहे. वापरली तर वाढते. ज्यांच्या शरीरात भुकेचे गणितच बिघडले आहे त्यांना औषधाची मदत लागते, आणि ती घेण्यात सब्राची हार नाही. पण ज्याला फक्त लग्नाच्या फोटोसाठी चार किलो उतरवायचे आहेत, तो निरोगी भूक गप्प करण्यासाठी पैसे मोजतो.

आता रमजानपुरती एक व्यावहारिक गोष्ट. ज्यांना ही सुई डॉक्टरांनी दिली आहे त्यांनी रोजे ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. मात्रा स्थिर झाल्यावरच रोजे सुरू करणे बरे. महिन्याच्या मधोमध नवी सुई सुरू करू नये किंवा मात्रा वाढवू नये. उलट्या-जुलाब होत असतील तर दिवसभर पाण्यावाचून मार्चच्या उन्हात मूत्रपिंडावर ताण येतो. सोबत इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर साखर एकदम खाली जाऊ शकते. बोट टोचून रक्तातली साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलमा सांगतात. आणि आजाऱ्याला रोज्यातून सूट खुद्द कुरआननेच दिली आहे. ती सूट घेणे ही कमकुवत श्रद्धा नव्हे, तेही परहेजच आहे. हेच महाशिवरात्रीच्या निर्जळी उपवासाला आणि नवरात्राच्या नऊ दिवसांनाही लागू आहे.

सुई घेण्याचा विचार करणाऱ्या कोणाही वाचकाने, कुठल्याही धर्माचा असो, डॉक्टरांसमोर पाच प्रश्न ठेवावेत. मला खरेच गरज आहे का? किती वर्षे घ्यावी लागेल? थांबवताना काय करायचे? स्नायू टिकवायला काय खायचे, कोणता व्यायाम करायचा? आणि रात्री त्रास झाला तर कुठे जायचे? या प्रश्नांना उत्तरे नसतील तर तिथून सुई घेऊ नये. जो सुई देतो आणि पथ्य सांगत नाही, त्याने उपचार केलेला नसतो, विक्री केलेली असते.

बाकीचे काम समाजाचे आहे आणि त्याला पेटंट नाही. मशिदीच्या सामूहिक इफ्तारीत तळणाचा एक पदार्थ कमी करून उकडलेले हरभरे, फळे, अंडी ठेवता येतात. मार्चपासून डहाणूच्या बाजारात येणारे ताडगोळे लाल सरबतापेक्षा केव्हाही बरे. गणेश मंडळाच्या प्रसादाचा, ग्रामसभेच्या चहा-बिस्किटांचा, शाळेबाहेरच्या टपरीचाही असाच विचार होऊ शकतो. नागलीची भाकरी पाहुण्यांसमोर ठेवायला लाज वाटू नये, एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

ईदच्या नमाजाआधी प्रत्येक ऐपतदार घर माणशी ठरावीक मापाचे धान्य, किंवा त्याची किंमत, गरजूला देते. त्याला सदका-ए-फित्र म्हणतात. महिनाभर भूक सोसल्यानंतरचा हिशेब धान्यात मोजला जातो, स्वतःच्या घटलेल्या किलोंत नाही. आपल्या ताटातून जे कमी झाले ते दुसऱ्याच्या ताटात पोचले का, हा त्या मापाचा प्रश्न आहे. ज्या तालुक्यात एका घरात जादा वजनाची आणि शेजारच्या घरात कमी वजनाच्या बाळाची काळजी आहे, तिथे पथ्याचा याहून नेमका अर्थ सापडणे कठीण.